वेणूबाईची पार्टी

नवतपा लागलाय, आणि आम्ही ठरवतोय
दुपारी एक वाजता बाहेर जेवायला जायचं.
कुंदा म्हणाली, "संध्याकाळी काहून नाई?"
संध्याकाळी हेडाऊंची साडेपाचची गाडी असते,
लांजेवार मॅडमचा नातू पाळणाघरातून सुटतो,
आणि वेणूबाई
सिव्हिल लाइन्सच्या दोन बंगल्यांत पोळ्या लाटते.
म्हणून दुपार.
म्हणून शुक्रवार, कारण साहेब उमरेडकडे मोजणीवर.

यादी मी केली
रद्द झालेल्या एका नकाशाच्या पाठीवर.
कुणाच्या तरी बांधाची तांबडी रेघ
कागदातून उमटून आमच्या नावांमधून जात होती.
माणशी अडीचशे.
रहांगडालेंनी पाचशे दिले, म्हणाले,
"बाकी ठेव. पण कोणाले सांगू नको."
मी सगळ्यांना सांगितलं.

मग जागा.
रुपराव सावजीवर अडून बसला:
"नाकातून पाणी नाई आलं त पार्टी कायची?"
"पंचेचाळीस डिग्रीत तुले पाणी काढाले रस्सा लागते का बे?"
अफरोज म्हणाला, मोमिनपुऱ्यात मामाला सांगतो.
बोकडे सरांना पित्त.
कुंदाचा शुक्रवार, आंबट चालत नाही,
दही आंबट की नाही यावर अर्धा तास गेला.
मॅडमना एसी पाहिजे, कूलरसमोर त्यांचा खांदा धरतो.
धरमपेठेत गाड्या लावायला जागा नाही,
सदरला बिल पाहून जेवण उतरतं,
बर्डीपर्यंत मेट्रो, पण पुढची पाच मिनिटं
उन्हातून चालणार कोण?
आमच्याच एखाद्या फायलीसारखं
हॉटेल या टेबलावरून त्या टेबलावर सरकत राहिलं,
शेरे वाढत गेले, सही कुणाचीच नाही.

वेणूबाई पाण्याचे ग्लास ठेवत होती.
रामटेकच्या पलीकडे कुठंसं, सातवीत शाळा सुटलेली.
सतरा नंबरचा फॉर्म मीच भरून दिला होता.
सत्तेचाळिसाव्या वर्षी दहावी पास,
इंग्रजीत अडतीस.
बोकडे सरांनी तो आकडा चष्मा पुसून
दोनदा पाहिला,
सातबाऱ्यावरचं नाव पाहावं तसा.

एवढ्या वेळात तिला कुणी विचारलंच नव्हतं.
विचारलं तेही मॅडमनी, जाता जाता,
कारण उत्तर आम्हाला पाठ होतं:
तुमी खासान ते.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला.
"इंग्रजी मेनूकार्ड असन तिथं जाऊ.
मी वाचतो. तुमी ऐका.
सावजीत त पोऱ्या येते अन् तोंडानंच सारं सांगते,
मंग मी काय वाचू?"

कूलरच्या जाळीतून थेंब थेंब पाणी पडत होतं.
रुपरावनं कान खाजवला.
"बरोबर आहे," तो म्हणाला, "मेनूकार्ड पाहिजेच."
जसं काही पहिल्यापासून तो तेच सांगत होता.

मी फोन लावला. बारा जण, शुक्रवार, एक वाजता.
"आणि मेनूकार्ड इंग्रजीत आहे ना?"
पलीकडचा गडबडला.
"मराठीतही आहे मॅडम, मराठीच देतो आम्ही."
"ते नका आणू," मी म्हटलं.
"ते आतच ठेवा."

शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत.
वेणूबाई कपाटं पुसता पुसता
पंख्यावरचं, कुलपावरचं, अग्निशामक नळकांड्यावरचं
एकेक अक्षर ओठांत जुळवून पाहते.
काल तिनं मला मशरूमचं स्पेलिंग विचारलं,
मग म्हणाली, यात रूम कायले?
मला सांगता आलं नाही.

कुंदा सगळ्यांचे दुपट्टे मोजतेय, गाडीवर तोंडाला बांधायला.
रुपराव बारा कांदे आणणार आहे,
ऊन लागू नये म्हणून खिशाखिशात ठेवायला.
पोचल्यावर तिथंच कापून घेऊ म्हणतो,
हॉटेलवाले कांद्याचे वेगळे पैसे लावतात.