गुरुवार, चार वाजता

स्वॉन्झीत, किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर
ग्वेनिथची खोली.
खालचं यंत्र किरकिरलं की ती थांबते,
मीही.

सहा गुरुवार मी नुसतं हवामान सांगितलं.
तिनं ते मन लावून ऐकलं,
जणू पाऊस माझाच होता.

आज म्हणाली, आधी पाय नीट टेकव.
मग रिकामी खुर्ची समोर ओढली:
भावाशी बोल. तुझ्या भाषेत.

"विश्राम, जेवलास का?"
अकरा वर्षांनी
एवढंच आलं.

टिश्यूचा डबा तिनं सरकवला नाही,
होता तिथंच राहू दिला,
माझा हात पोचेल इतपत.
मराठी तिला येत नाही.
चष्मा मात्र काढून ठेवला होता.

जिना उतरताना
खालचा म्हातारा कुणाला तरी सांगत होता:
नाही लागली तर परत आणा,
पुन्हा घासू.