रकाना सातवा

माडग्याळच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा
मला एकच शब्द येत होता : प्रसूती.
नर्सिंगच्या वहीत तो स्वच्छ होता,
उकळून काढलेल्या कात्रीसारखा.

इथं कुणाचीच प्रसूती होत नाही.
लगमव्वा आया दारातून ओरडते,
"सिस्टर, सुटली बघा!"
पहिल्या खेपेला मला वाटलं गाय सुटली,
मी काठी शोधायला धावले.

सुटली. मोकळी झाली. हातीपायी धड सुटली.
नऊ महिने ती कशात अडकली होती
ते मात्र कुणी सांगत नाही.
कळा मंदावल्या की अडली म्हणतात,
ओढ्याच्या वाळूत गाडी अडते तशी,
मग खांदा द्यायला चार माणसं लागतात.

दिवस गेले म्हणजेच दिवस राहिले.
जाणं आणि राहणं एकच,
असं दुसरं काय आहे आपल्याकडं?
लगमव्वा तंबाखू मळत म्हणाली,
"माहेर."

ज्वारी पोटरीत येते, मग निसवते.
डाळिंबाला बहार धरतात.
मेंढी विते,
आणि घटकाभरात कोकरू थरथरत उभं राहतं.
बाईला मात्र व्याली म्हणायचं नाही,
भांडण असल्याशिवाय.
उमदीकडची एक म्हातारी हेरिगे म्हणते, कानडीत.
मला त्यात हेर ऐकू येतो :
अंधारातून बातमी घेऊन आलेला,
अंगावर अजून पलीकडचा ओलेपणा.

आणि वार.
सोमवार नाही, तलवारीचाही नाही.
ती पडेपर्यंत लगमव्वा चहा घेत नाही.

मार्गशीर्षात निलव्वा आली,
कृष्णाकाठच्या उसातनं कळप अर्ध्यावर सोडून,
दिराच्या मोटारसायकलवर, मधे बसून.
मी पोटावर कान लावला, मग यंत्र लावलं,
मग पुन्हा कान.
गाडी दुसऱ्या बाईला घेऊन जतला गेलेली.
कळा आल्या. सगळ्या आल्या,
एकीनंही चुकारपणा केला नाही.
पहाटे मुलगी झाली.
झाली, पण उपजत गेलेली.

उपजत.
आठवीच्या निबंधात मी लिहिलं होतं :
माझ्या बहिणीला चित्रकलेचं उपजत अंग आहे.
बाईंनी त्याखाली लाल शाईनं
छान लिहिलं होतं.

रकाना सातवा : जिवंत, मृत.
एकावर खूण करायची.
ते माझं काम, मी केलं.

तिसऱ्या दिवशी निलव्वाला दूध आलं.
आधी चोळी भिजली, मग पदर,
मग तिनं पदराची घडी करून दाबून धरली
आणि विचारलं,
"बाई, मला आता काय म्हनायचं?
बाळंतीण म्हनावं तर बाळ कुठं हाय?"

रात्री मी तो शब्द
वहीच्या कोपऱ्यात फोडून पाहिला, बाळंत,
आणि घाईघाईनं पुन्हा जोडून टाकला.

लगमव्वानं मात्र शेगडी पेटवली.
नियमात बसत नाही, वॉर्डात निखारे.
तिनं ओवा टाकला, बाळंतशेपा टाकल्या,
खाट धुरात बुडाली.
निलव्वाच्या कानांवरून फडकं आवळून बांधलं
आणि रागावल्यासारखी म्हणाली,
"बाळंतीणच म्हनत्यात. दुसरं काय म्हननार?
कंबर तुझी उघडली, कागदाची न्हवं.
गार पान्याला हात लावशील तर बघ."
निलव्वा तेव्हा रडली. खोकत रडली,
धुराचं निमित्त सगळ्यांनाच पुरलं.

पाचव्या रात्री सटवाईसाठी
कोरा कागद ठेवायचा असतो.
तिच्या खाटेखाली कुणी ठेवला नाही.
रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढचं एक पान
मी तसंच सोडलं.

मार्चमध्ये तपासणीला साहेब आले सांगलीहून,
त्या पानावर बोट ठेवून म्हणाले, हे काय?
मी म्हटलं, चिकटलं होतं, साहेब,
उलटताना लक्षात नाही आलं.