चाळीस मिनिटं

डुलुथमध्ये सप्टेंबर संपला
की काँक्रीटला काही धरत नाही.
डब्यावर छापलंय : दहा अंशांखाली लावू नये.
म्हणून बाबाने शेवटी फोन केला
वेइक्कोकाकाला, अकरा वर्षांनी,
आणि म्हणाला एवढंच,
"दोन माणसं लागतात."

आजोबांची होडी कुणाची, यावरून तुटलं होतं.
होडी केव्हाच कुजून गेली.

काका आला, खिळ्यांचे तळवे बगलेत मारून.
"ये" नाही, "बस" नाही.
दोघं गुडघ्यांवर, गॅरेजची जमीन घासत.
वीस हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
टायरांना चिकटून आत आलेलं,
त्याने खाल्लेले खड्डे.
आजोबांच्या फोर्डने गाळलेल्या तेलाचा डाग.
ॲसिड सगळीकडे फसफसलं,
तिथे मात्र गप्प बसलं.
काकाने दाखवलं. बाबाने मान हलवली.
पुन्हा घासलं.

रात्रभर प्लास्टिकचा एक चौकोन
पट्टीने चिकटवून ठेवला जमिनीवर.
सकाळी उचलला : खाली दव नाही.
कोरडी आहे म्हणजे. धरेल.
माणसांसाठी असं काही मिळत नाही दुकानात,
मी विचारलंय.

मग अ आणि ब.
वेगवेगळ्या डब्यांत दोन्ही वर्षानुवर्षं राहतात,
चिकट, थंड, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
एकत्र ओतले की बादली तापायला लागते.
मी हात लावून पाहिला : कॉफीच्या कपाइतकी.
चाळीस मिनिटं. नंतर दगड.

"ढवळ."
"ढवळतोय."
"तळ खरवड, अर्व्हो."
"माहितीय मला."
"आधी कडेला ब्रश मार."
"तू रोलर सांभाळ."
अकरा वर्षांतला सगळ्यात लांब संवाद.
मी दारात उभी, उरलेली मिनिटं ओरडत :
सव्वीस.
एकोणीस.
अकरा.
अकरा म्हटल्यावर दोघांनीही वर पाहिलं.

मागे सरकत, सारवत आले दाराकडे.
करडा रंग इतका नितळ
की छतावरची ट्यूबलाइट त्यात पडली
आणि बुडाली नाही.
काकाने मुठीने चकत्या उधळल्या, काळ्या, पांढऱ्या, निळ्या,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.
डाग?
तिरप्या उजेडात दिसतो अजून.

बाहेर येऊन दोघांनी खिळे सोडले.
बाबाने खिसे चाचपले.
मग काकाने.
घराच्या किल्ल्या, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या
आतल्या फळीवर,
त्या ओल्या आरशाच्या पार.
चोवीस तास पाय नाही,
बहात्तर तास चाक नाही.

सरोवरावरून वारा सुटला होता.
"तुझा सौना तापतो अजून?" बाबाने विचारलं.
"लाकडं फोडावी लागतील."
"फोडू."
आणि निघाले, टेकडीच्या उताराने, चालत,
दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

घराची दुसरी किल्ली
माझ्या कोटाच्या खिशात होती.
मी ती मुठीत धरून उभी राहिले,
तापेपर्यंत.