नजरचूक

कर्कॉडीच्या वाचनालयात, मंगळवारी सहा ते आठ,
रेडिएटरजवळची खुर्ची माझी.
या गावाच्या नावात एक ल आहे,
तो लिहायचा, बोलायचा नाही.
पहिल्या आठवड्यात मी बोलले
आणि बसवाला हसला. वाईट नाही, नुसता हसला.

इचलकरंजीत एकवीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल,
एका मास्तरांचं चौदा सर्गांचं काव्य, ज्यात 'सरिता'
दर पानावर वेगळ्या वेलांटीने वाहायची.
लाल शाईने मी नद्या वळवल्या.

आता सत्तावन्नाव्या वर्षी लाल माझ्याकडे येतं.
एकेचाळिसाव्या ओळीत चूक, म्हणतं यंत्र.
दहा वेळा वाचली. तिथे एकटा महिरपी कंस,
आंघोळ करून बसल्यासारखा स्वच्छ.
डंकन, शिकवणारा, वयाने माझ्या भाच्याएवढा,
पेन्सिलीचं मागचं टोक वर वर सरकवत नेतो:
"हे ओरडतं तिथे दुखत नसतं.
सव्विसाव्या ओळीत दार उघडलंस, लावलं कुठे?"

ॲप कचऱ्याच्या डब्यांचं.
कुठल्या बुधवारी कुठला रंग रस्त्यावर न्यायचा, एवढंच.
हे खातं दिगंबरकडे होतं.
त्याचा पेन्सिलीचा तक्ता डिसेंबरात संपला,
तो स्वतः ऑक्टोबरातच.

अवतरणचिन्हं मनाला फार लागली.
वळणदार हवीत, उघडताना उलटी, मिटताना सुलटी;
नुसत्या दोन काड्या उभ्या करणाऱ्या जुळाऱ्यांना
कितीदा परत पाठवलं मी.
इथे वळण म्हणजे गुन्हा.
यंत्राला त्या दोन काड्याच हव्यात.

एकदा फोनने परस्पर
आज्ञेचं पहिलं अक्षर थोरलं केलं,
तर यंत्राने ओळखच दाखवली नाही.
आमची अक्षरं एका रेघेला लोंबकळणारी, जन्मतः सारखी.
हे लहानमोठेपण हाताला अजून लागत नाही.

"नावं तुझ्या भाषेत दे, चालतं," डंकन म्हणाला.
म्हणून एका आड एक येणाऱ्या बुधवारचं नाव ठेवलं:
वर दुसऱ्या,
खाली दुसर्‍या.
यंत्र म्हणालं, खालचा कोण? मी याला ओळखत नाही.

चष्मा पुसला. उकार पाहिला, काना पाहिला,
अर्ध्या र चा पाय पाहिला.
एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं,
की चूक आहे म्हणतात आणि मला दिसत नाही.
डंकनला तर सगळं दोरीवर वाळत घातलेलं धुणं.
तो शेवटून खोडत गेला, मोजत, मोठ्याने.
वरचा शब्द सात दाबांत संपला.
खालच्याला आठ लागले.

वरचा मी इथे बसून लिहिला होता,
खालचा बसमध्ये, फोनवर,
आणि फोनने र आणि य यांच्यामध्ये
रुंदी नसलेला एक सांधा भरला होता.
लिहिलेला, पण न दिसणारा.
"तुमच्या गावाचा ल," मी म्हटलं.
डंकन इतका हसला की ग्रंथपालबाईंनी मान वर केली.

पावणेआठला चुका शून्य.
फोनवर एक चौकोन उजळला: उद्या तपकिरी.

रात्री तपकिरी डबा फाटकाबाहेर ओढला,
एक चाक खडखडतं, समुद्राकडून वारा,
आणि पाहते तो गल्लीभर निळे.
मॉइराचा निळा, समोरच्या पोलिश जोडप्याचा निळा,
कोपऱ्यापर्यंत निळे, झाकणं मिटून.
व्याकरणात खोट काढायला जागा नाही.
यंत्रही गप्प.

तपकिरी आत घेतला, निळा नेला.
मग स्वयंपाकघरात, कोट न काढता,
फ्रिजवरचा दिगंबरचा तक्ता पाहिला.
गेल्या वर्षीच्या याच आठवड्यावर
त्याने रबर इतकं घासलं होतं
की कागद पातळ झाला होता.