मार्फत

सावद्याला, केळी पिकवायच्या तीन नंबर खोलीत
सोळा अंश असतात.
आत पांढऱ्या डबीवर, हिरव्या आकड्यांत.
सुपडू फेगडे माल घेऊन दिल्लीला गेले
की सोळा त्यांना तिथे दिसायला हवेत.
"मले मंडईत उभ्या उभ्या दिसलं पाह्यजे, पोरी."
मी म्हटलं, दिसेल.
पत्ता मात्र विकत घ्यावा लागेल कंपनीकडून,
महिन्याचं वेगळं भाडं पडेल.
"पत्त्याले बी भाडं?" म्हणाले, आणि दिलं.

डबीचा आतला पत्ता
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सत्तेचाळीस.
हा लाखो घरांत असतो.
'मधल्या घरात ठेवलंय' असं म्हणावं तसा.
ज्याचं त्याचं मधलं घर,
रस्त्यावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग.

हिंगोण्याला आमच्या घराला नंबर नव्हता.
मामाची पत्रं यायची ती
मार्फत वासुदेव टेलर, बसस्टँडजवळ.
टेलर ती मशीनच्या खणात ठेवायचा
रिळांच्या आणि मोडक्या सुयांच्या मध्ये,
आणि शाळा सुटली की नुसती मान हलवायचा : आहे. नाही.
त्याने एकही पत्र फोडलं नाही,
असं आई म्हणते.

राऊटरला एवढंच सांगायचं असतं :
आठ हजार ऐंशी म्हणत कोणी दारात आलं
तर सत्तेचाळीसकडे धाड.
सेव्ह केलं. वायफाय बंद करून
पार रस्त्यापर्यंत चालत गेले, फोन उघडला.
सोळा.
केळीच्या ट्रकांमागे उभी राहून
मी एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत पाहिलं,
रात्रभरात दोनशे अकरा अनोळखी ठोठावून गेले होते.
कुठले कुठले. नावं नाहीत.
पासवर्ड बदलला. फेगड्यांना बोलले नाही.

मंगळवारी लाइट गेली, साडेतीन तास.
जनरेटर खोल्यांना होता, ऑफिसला नव्हता.
परत आली तेव्हा सगळी यंत्रं एकदम उठली
आणि ज्याच्या हाती जो पत्ता आला तो त्याने घेतला.

पहाटे साडेचारला फोन.
"टेंपरेचर नाही दिसत वं,
इथी तं सुभान दिसून राह्यला."

सत्तेचाळीसवर आता कॅमेरा होता, बोळातला.
चूक माझी. डबीची जागा राखून ठेवायला विसरले होते.
मी सॉरी म्हणायच्या आत ते म्हणाले, थांब.
मीही उघडलं.
करड्या उजेडात सुभान तडवी क्रेटवरून उठला,
तीन नंबरच्या दाराच्या काचेला कपाळ लावून
बराच वेळ आत बघत राहिला.
मग पाटीवरचा आकडा बाहीने पुसला
आणि खडूने पुन्हा तोच लिहिला.
सोळा.
त्याला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.
मी नाही. फेगडेही म्हणाले, "म्या तं नाही."

सकाळी जाऊन सत्तेचाळीस डबीच्या नावाने बांधून टाकला.
लाइट जावो, येवो.

आता फेगडे म्हणतात, कॅमेऱ्यालेबी एक दार काढून दे.
दोन मिनिटांचं काम.
मी विचारलं, सुभानभाऊंना विचारलंय?
फोनवर मंडईचा गलका ऐकू येत राहिला,
कोणीतरी भाव ओरडत होतं.