पाण्याची पाळी

चित्रकला स्पर्धेच्या दिवशी
पाणी आणायची पाळी माझी होती.
तालुक्याची स्पर्धा, पहिल्यांदाच दाभोळात.
पलीकडून धोपाव्याची पोरं तरीतून आली
छातीशी पुठ्ठे धरून,
केसांना इतकं तेल
की खाडीवरच्या वाऱ्याला काही हलवता येईना.

पेवेकर गुरुजींनी दोन बादल्या दिल्या.
म्हणाले, विहिरीचं आण विश्राम, आणि पळत ये.

विहीर देवळामागे, चढणीला.
एकशे बारा पायऱ्या, मी मोजलेल्या.
खाडी शाळेच्या गडग्याला लागून.
भरती होती,
पाणी आपण होऊन वर आलेलं,
घे म्हटल्यासारखं.

पाण्यासारखं पाणी, रंगाला काय कळतंय?
असं मी त्या वयात
बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणायचो.

फळ्यावर विषय : माझा गाव.
नारळाच्या करवंट्यांतून पाणी वाटलं मी,
बाकागणिक एक,
थेंब न सांडता.
गुरुजी सगळ्यांदेखत शाबास म्हणाले.
ते अजून परत घेतलेलं नाही त्यांनी.

झुबेदा होडेकर पहिल्या बाकावर.
तिचा नंबर येणार हे शाळेच्या घंटेलाही ठाऊक.
किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी काढत होती ती
आणि होडीच्या पाठीला
तेल चोळणारा बाप.
ब्रशला टोक आणायला तिने तो ओठांत धरला.

थांबली.

माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या कागदावर एक डोंगर काढला,
त्याच्यामागे दुसरा,
त्याच्यामागे आणखी एक.
आमच्या गावात इतके डोंगर नाहीत.

तिने ब्रश पुन्हा करवंटीत बुडवला.
पुन्हा ओठांत.

दुपारी सुतळीला चिमट्यांनी चित्रं टांगली.
वाळेनात.
हेडमास्तरांच्या खोलीतला पंखा आणला, तर वीज गेली.
तीन वाजता आभाळं ओघळून घरांवर आली,
हिरव्यात कण धरले,
निळ्यावर पांढरी पुटं चढली
मासे सुकवायच्या ओट्यावर चढतात तशी,
आणि धोपाव्याच्या कुणाच्या तरी देवळातला मारुती
शेपटीपासून गळायला लागला.

दापोलीहून आलेले परीक्षक
चष्मा कपाळावर चढवून
एका चित्रातल्या समुद्राशी थांबले.
बोट लावलं. बोट जिभेवर टेकवलं.
"खारट आहे," म्हणाले,
आणि का कोण जाणे
पुन्हा एकदा चाखलं.

पहिला नंबर आला तो रंगपेटी नसलेल्या पोराचा.
तेली खडूंचे तीन तुकडे होते त्याच्याकडे.
त्याचा गाव म्हणजे
एक उकिरडा आणि त्यावर एक कोंबडा.
कोंबडा मात्र कोरडा.

गुरुजींनी दोष दिला पाटण्यांच्या दुकानाला,
भेसळीचे रंग विकतो म्हणून.
त्या वर्षी शाळेने त्यांच्याकडून वह्यासुद्धा घेतल्या नाहीत.
पाटणे दारात उभे राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला पेटीवरचा छाप दाखवायचे,
बघा, पुण्याचा माल आहे.
मी त्या रस्त्याने जायचं सोडलं.
गोळ्याही दुसरीकडून घ्यायचो.

त्या संध्याकाळी मात्र आधी
दोन्ही बादल्या विहिरीवर नेऊन विसळल्या,
दोनदा,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

धक्क्यावर झुबेदा भेटली.
चित्राची गुंडाळी केली होती तिने,
ओला कागद बापाच्या खांद्याशी फाटलेला.
मला वाटलं आता बोलेल.
बोलली :
"पुढच्या खेपेला विहिरीचं आण."
आणि चपला हातात घेऊन
मोहल्ल्याच्या वाटेला लागली.

पुढच्या खेपेला स्पर्धा दापोलीला झाली.
पाणी नळाचं होतं.
होडेकरांचं बिऱ्हाड तोवर मिरकरवाड्याला गेलेलं,
होडीसकट.

कधीकधी वाटतं,
तिला कळलंच नसेल.
आमच्याकडे ओठाला लागलेलं काय खारट नसतं?
मग ते थांबणं आठवतं.

परवा गेलो होतो गावी.
देवळामागे चढलो, पायऱ्या मोजत.
खालून वर,
मग खात्री करायला वरून खाली.

चौसष्ट आहेत.