वाघबीळचा चढ

तीन आठवडे झाले, गाडी तापतेय.
शिवाजी पुलावर काही नाही, वडणग्याच्या फाट्यावर काही नाही,
केर्ली मागं पडली की वास येतो,
करपलेल्या तेलाचा,
आणि चढाच्या मध्यावर ती मान टाकते.
मग मी कडेला उभा, हेल्मेट काढून.
(आमच्या गल्लीत बायकाही 'उभा राहिलो' म्हणतात.
पुण्याची भाची हसते. हसू दे.)
कोतोलीच्या डेअरीत दुधाचं फॅट बघायला आठला पोचावं लागतं.
कॅन रांगेत थांबतात, माणसं थांबत नाहीत.

येझदी. चौऱ्याऐंशी सालची.
उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार
तिला हात लावण्याआधी हात पुसतात.
त्यांचा एक कान फौंड्रीत गेला, बावीस वर्षांत.
उरलेल्या कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ,
टोक इंजिनला,
डोळे मिटलेले.
तेवढा वेळ चहाचा पोऱ्यासुद्धा ग्लास वाजवत नाही.

पहिल्या दिवशी प्लग काढला.
भाजक्या विटेचा रंग.
"ह्यो तर शहाणा हाय," म्हणाले, परत बसवला.
दुसऱ्या खेपेला पेट्रोलमधलं ऑईल नाकानं तपासलं,
जेटमधून तार फिरवली,
सिगारेटचा पातळ कागद पॉइंटात धरून
तो नेमका कधी सुटतो ते बघितलं.
तिसऱ्या खेपेला दोन्ही सायलेन्सर खोलले.
पेपरावर ओंजळभर काजळी, आणि फिन्सच्या फटींतून
वाळका चिखल, बाभळीची अर्धी शेंग,
माझा हरवलेला केसाचा आकडा.
आकडा त्यांनी रॉकेलनं धुऊन माझ्या हातात दिला.
पैसे घेतले नाहीत.
"आजार गावला न्हाई, बिल कशाचं?"

बुधवारी परत वास.

"चला," म्हणाले, आणि माझ्या मागं बसले,
सत्तरीचा माणूस, टोपी खिशात घालून.
प्रज्योत मागून स्कूटरवर.
केर्ली गेली. गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर आडवा.
चढ लागला. वास आला.
वर पोचून गाडी बंद केली
तर ते इंजिनाकडं गेलेच नाहीत.
मागच्या चाकाशी उकिडवे बसले,
ड्रमजवळ तळवा नेला, मागं घेतला,
बोटाला थुंकी लावून टेकवलं.
चर्र.

प्रज्योत म्हणाला, "काकू,
तुमचा लाल दिवा पुलापास्नं विझलाच न्हाई."

मी म्हटलं, ब्रेक मारलाच नाही मी.
दोघंही गप्प.
मी खाली बघितलं.
गाडी बंद, रस्ता मोकळा,
आणि माझा उजवा पाय पेडलवर,
दाबून.

तीन आठवडे.
म्हणजे कारखाने सुरू झाल्यापासून.
म्हणजे रस्त्यावर ऊस आल्यापासून.
दोन वर्षांमागं ह्याच रस्त्याला, पहाटे,
बिनादिव्याची ट्रॉली उभी होती.
हाड जुळलं. फोटोत दाखवलं डॉक्टरांनी, रेघसुद्धा दिसेना.
भेटायला आलेल्या सगळ्यांना मी सांगत होतो, झालो बरा,
नाष्टा करून जावा.
पायाला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

वाटलं, आता सांगतील, भिऊ नका.
त्यांनी पान्हा काढला.
ब्रेकच्या दांडीचा नट सैल केला, एक आटा, दोन,
चाक हातानं फिरवून कान लावला, आणखी अर्धा.
"जरा प्ले ठेवलाय.
पाय ठिवायचा असला तर ठिवा.
नुसत्या टेकण्यानं आत लागणार न्हाई.
खरंच दाबला, तर मात्र धरंल."

वीस रुपये घेतले.
पन्नासाची नोट दिली तर तीस परत केले, मोजून.

उतरताना समोरून दोन ट्रॉल्या आल्या, चाऱ्याची पानं उधळत.
मागं प्रज्योत मोठमोठ्यानं सांगत होता,
लागला, काकू.
विझला.
लागला.